ट्रॅक्टरचा पट्टा का किंचाळतो?

दसरा-दिवाळी झाली की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागतात. केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी अशा तालुक्यांत, बालाघाटाच्या कुशीतल्या गावोगावी, उजाडायच्या आत ट्रॅक्टर चालू होतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, ताडपत्र्या, पेंगणारी लेकरं. थंडीने गारठलेला स्टार्टर दोन-तीनदा कण्हतो, इंजिन सुरू होतं आणि लगेच पुढच्या जाळीमागून चिरका, अंगावर काटा आणणारा आवाज येतो. चार-पाच सेकंद तो सगळी गल्ली जागी करतो आणि मग आपोआप थांबतो. ‘फॅनबेल्ट ओरडला’ एवढं म्हणून ड्रायव्हर गिअर टाकतो आणि टोळी वाटेला लागते.

त्या चार-पाच सेकंदांत जे घडतं, त्याचा माग काढायला शास्त्रज्ञांना अडीचशे वर्षं लागली आणि ते काम अजून पुरतं संपलेलं नाही.

आधी पट्टा जवळून पाहू. इंजिन बंद असताना बॉनेट उघडलं की समोर काळ्या रबराचं एक कडं दिसतं. खाली क्रँकची पुली, वर पंखा आणि पाण्याचा पंप, बाजूला अल्टरनेटर. या तीन पुल्यांना मिळून एकच पट्टा. त्याला दाते नाहीत, खिळा नाही, कडी नाही. इंजिनाची ताकद पंख्याला, पंपाला आणि अल्टरनेटरला पोचते ती निव्वळ रबर आणि लोखंडाच्या घासण्यातून. घर्षण गती थांबवतं, असं आपण शाळेत शिकतो. इथे तेच घर्षण गती देतं.

ते पुरेसं कसं पडतं, याचं उत्तर गोठ्यातही मिळतं. उधळलेला बैल माणसाला हातात धरवत नाही. पण कासऱ्याचे दोन वेढे खांबाला दिले की तोच बैल एका हाताने थोपवता येतो. लिओनार्ड ऑयलर या गणितज्ञाने अठराव्या शतकात याचं सूत्र मांडलं. गंमत अशी की वेढे वाढवले तर पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. दोर आणि लाकूड यांच्यातला घर्षणांक ०.३ धरला तर एका पूर्ण वेढ्याला हाताच्या ओढीच्या साडेसहा पट ताण पेलला जातो, दोन वेढ्यांना त्रेचाळीस पट आणि तीन वेढ्यांना पावणेतीनशे पटींहून जास्त! खांब तोच, कासरा तोच, हातही तोच.

पट्ट्याला मात्र पुलीभोवती दोन-तीन वेढे घेता येत नाहीत. त्याच्या वाट्याला जेमतेम अर्धा वेढा येतो. अल्टरनेटरची पुली लहान, तिच्यावर तर बऱ्याचदा त्याहूनही कमी. त्याच घर्षणांकाने सपाट पट्ट्याचा हिशेब केला तर अर्ध्या वेढ्यात दोन बाजूंच्या ताणांमध्ये जास्तीत जास्त अडीच पटींचा फरक टिकतो. मग पट्ट्याला पाचरीचा आकार देण्याची युक्ती आली. पट्टा खाली निमुळता आणि पुलीची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी. ताण आला की पट्टा खाचेत रुततो आणि दोन्ही भिंतींवर नुसत्या ओढीपेक्षा कितीतरी जास्त दाब देतो. ३८ अंशांच्या खाचेसाठी तोच हिशेब पुन्हा केला तर अडीच पटींचे अठरा पट होतात. रबर बदललं नाही, लोखंड बदललं नाही. नुसता कोन बदलला.

म्हणूनच हा पट्टा खाचेच्या तळाला कधी टेकता कामा नये. त्याचं सगळं बळ भिंतींवर आहे. झिजलेला पट्टा खाली उतरतो, तळाला लागतो आणि पाचरीचा जोर संपतो. पुलीचा तळ आरशासारखा चकाकत असेल तर पट्ट्याचे दिवस भरले, असं बिनधास्त समजावं. चांगल्या पुलीत भिंती घासून स्वच्छ झालेल्या दिसतात आणि तळाशी धूळ बसलेली असते.

आता या विषयातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट सांगतो. आवाज न करता, मुकाट्याने, उत्तम चालणारा पट्टासुद्धा पुलीवर सतत थोडा थोडा सरकत असतो. हे ऑसबोर्न रेनॉल्ड्स या इंग्रज अभियंत्याने १८७४ साली दाखवून दिलं. पट्ट्याची एक बाजू ओढीखाली असते, दुसरी तुलनेने सैल. रबर ताणलं की लांबतं, सैल सोडलं की आखडतं. क्रँकच्या पुलीवर पट्टा ताणलेल्या अवस्थेत चढतो आणि सैल होऊन उतरतो, म्हणजे पुलीवर असतानाच तो आखडतो. आखडायचं तर सरकावं लागणारच. अल्टरनेटरच्या पुलीवर नेमकं उलट घडतं. तिथे तो सैल चढतो आणि ताणला जाऊन उतरतो. या सरपटण्यामुळे शंभर फेऱ्यांमागे साधारण अर्धी ते एक फेरी कुठेतरी हरवते. ती पट्ट्याच्या खोडीमुळे हरवत नाही. रबर लवचिक आहे, म्हणून ती हरवणारच.

रेनॉल्ड्सच्या विचारातून पुढचं चित्र उभं राहतं ते असं. पुलीवरच्या पट्ट्याचे दोन भाग पडतात. पट्टा जिथे पुलीवर चढतो तिथे तो चिकटून बसलेला असतो, घट्ट. जिथून तो सुटायला येतो त्या बाजूला तो सरपटत असतो. ओझं कमी असेल तर चिकटलेला भाग मोठा आणि सरपटणारा छोटा. ओझं वाढत गेलं की सरपटणारा भाग मागे मागे पसरतो आणि चिकटलेला भाग खात जातो. एक क्षण असा येतो की चिकटलेलं काहीच उरत नाही. मग सगळाच्या सगळा पट्टा घसरतो.

पहाटेच्या ट्रॅक्टरवर तो क्षण का येतो, हे आता कळायला सोपं आहे. रात्रभर थंडीत उभ्या असलेल्या गाडीचा स्टार्टर बॅटरीतून भरपूर करंट ओढतो. इंजिन चालू होताच अल्टरनेटर ती तूट भरून काढायला धावतो. त्यात समोरचे दिवे चालू, बऱ्याच ट्रॅक्टरांवर गाण्यांचा टेपही. बारा व्होल्टच्या यंत्रणेवर ३५ अँपिअर करंट द्यायचा तर अल्टरनेटरला जवळजवळ पाचशे वॅट वीज तयार करावी लागते. त्याच्या आतल्या तोट्यांचा हिशेब धरला तर पट्ट्यावर आठशे वॅटच्या आसपास भार येतो. म्हणजे एका अश्वशक्तीहून जास्त, तोही लहानशा पुलीवरच्या वीतभर रबरावर. थंडीने रबर कडक झालेलं असतं, आणि त्यावर दव पडलेलं असतं.

दव हा इथला खरा खलनायक आहे. ओला पट्टा घसरतो हे सगळ्यांना माहीत आहे. पण घसरणं आणि किंचाळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. तेलाने माखलेला पट्टा मुकाट घसरू शकतो. किंचाळायला नुसतं घसरून चालत नाही. घसरायचं, पकडायचं, पुन्हा घसरायचं, पुन्हा पकडायचं, असं सेकंदाला शेकडो किंवा हजारो वेळा व्हावं लागतं.

ही पकड-सोड आपल्याकडे दारात येऊन वाजते. नंदीबैलवाला येतो तेव्हा त्याच्या ढोलातून ‘गुबुगुबु’ असा घुमणारा आवाज निघतो. तो नुसता ठोकून निघत नाही. वाकडी काठी कातड्यावर दाबून ओढली जाते. काठी कातड्याला धरून नेते, कातडं ताणलं जातं, ताण पकडीपेक्षा जास्त झाला की ते निसटून मागे येतं आणि काठी पुन्हा त्याला धरते. व्हायोलिनच्या गजाखाली तारेचंही हेच होतं. १८६० च्या दशकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने गजाखालच्या तारेची हालचाल सूक्ष्मदर्शकातून तपासली. प्रत्येक आंदोलनात तार बराच काळ गजाला चिकटून जाते आणि एकदाच झटक्यात निसटते, असं त्याला दिसलं. सेकंदाला ४४० आंदोलनांचा सूर लागतो तेव्हा तार ४४० वेळा पकडली जाते आणि ४४० वेळा सुटते. कलकत्त्यात चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९१८ साली गजाने वाजणाऱ्या तारांच्या गणिताचा मोठा प्रबंध लिहिला. पुढे गज नेमक्या वेगाने आणि नेमक्या दाबाने फिरवता यावा म्हणून त्यांनी व्हायोलिन वाजवणारं एक यंत्रही तयार करून घेतलं. प्रकाशावरच्या संशोधनाला १९३० साली नोबेल मिळालं म्हणून आपण रामन यांना ओळखतो. पण त्यांच्या उमेदीच्या वर्षांतलं कितीतरी काम या पकड-सोडीवर आणि तारांच्या कंपनांवर आहे. मला ते त्यांच्या नोबेलच्या कामाइतकंच प्रिय आहे.

पकड-सोड सुरू होण्यासाठी एक अट लागते: घसरण्याचा वेग वाढला की घर्षण कमी झालं पाहिजे. कोरडं, स्वच्छ रबर यात समंजस असतं. ते थोडं जास्त घसरायला लागलं की त्याची पकड उलट थोडी वाढते. त्यामुळे चुकून उठलेलं कंपन जागच्या जागी विरतं. ओलं रबर याच्या विरुद्ध वागतं. रबर आणि लोखंड यांच्यात पाण्याचा पातळ थर असतो. घसरण वाढली की हा थर रबराला किंचित उचलून धरतो आणि पकड आणखी कमी होते. म्हणजे पट्टा जरा पुढे सरकला की त्याला आणखी सरकायला मोकळीक, जरा मंदावला की पकड घट्ट. प्रत्येक हेलकाव्याला वेळेवर धक्का मिळत जातो आणि बारीकसं कंपन क्षणात किंकाळी बनतं. आपला कान साधारण दोन ते पाच हजार आंदोलनांच्या टापूत सगळ्यात तीक्ष्ण असतो. पट्ट्याच्या किंकाळीचा बराच भाग याच टापूत पडतो, म्हणून ती गल्लीच्या दुसऱ्या टोकालाही झोपू देत नाही.

पूर्ण भिजलेला पट्टा मात्र पुष्कळदा ओरडत नाही, नुसता घसरतो. जास्त आवाज करतो तो ओलसर पट्टा. कडाक्याच्या पहाटेचं दव किंवा पावसाळ्यातली पहिली भुरभुर त्याला बरोबर मानवते. चार-पाच सेकंदांत घासण्याची ऊब पाणी उडवते, बॅटरीची भूक थोडी भागते, चिकटलेला भाग पुन्हा तयार होतो आणि आवाज थांबतो.

पट्ट्याच्या पकडीचा हाच खेळ गिरणीतही दिसायचा. वीज पोचण्याआधी आणि पोचल्यावरही बरीच वर्षं गावातली पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चालायची. ‘पुक-पुक’ ऐकू आलं की बायका ज्वारी-बाजरीचे डबे घेऊन निघायच्या. इंजिनापासून जात्यापर्यंत लांबलचक सपाट पट्टा असायचा. तो घसरायला लागला की गिरणीवाला त्यावर राळ टाकायचा. व्हायोलिनवादक मैफिलीआधी गजाच्या केसांवर जी घासतो, तीच ही राळ. एकाला पट्टा गप्प आणि घट्ट हवा असतो, दुसऱ्याला तार बोलती हवी असते. दोघांनाही हवी असते ती पकड. राळ स्थिर पृष्ठभागाला जोरात धरते आणि घसरत्या पृष्ठभागाला मोकळं सोडते. गिरणीचा पट्टा स्थिर पकडीच्या जोरावर ओढतो. गज स्थिर आणि घसरत्या पकडीतल्या फरकावर गातो.

त्या सपाट पट्ट्याची आणखी एक करामत. पुलीला कडा नसल्या तरी तो निसटून पडायचा नाही, कारण पुली मधोमध किंचित फुगीर केलेली असते. आपल्याला वाटेल, फुगीर जागेवरून पट्टा खाली घसरेल. तो उलट चढतो आणि माथ्यावर जाऊन स्थिरावतो. आणि पट्ट्याची दोन टोकं जिथे तारेच्या आकड्यांनी जोडलेली असतात, तो जोड पुलीवरून जाताना दर फेरीला ‘टक’ असा वाजतो. त्या टकटकीवरून इंजिन मंदावल्याचं गिरणीवाल्याला पाठमोरं उभं असतानाही कळायचं.

गाडीच्या पट्ट्याचा दुसरा आवाज किंकाळीपेक्षा वेगळा असतो. तो तुटक असतो, चिवचिवाटासारखा. इंजिन रेस केलं की चिवचिव जलद होते. याचं मूळ बहुधा तिरकेपणात सापडतं. दोन पुल्या एका रेषेत नसतील तर पट्टा खाचेत सरळ उतरत नाही, भिंतीला घासत उतरतो आणि प्रत्येक वेळी तिथे छोटीशी पकड-सोड होते. फार तिरकं असायला लागतं असंही नाही. पुल्यांमधल्या एक फूट अंतरामागे दीड मिलिमीटरचा फरक, म्हणजे जेमतेम पाव-अर्धा अंश, एवढ्यावर पट्टा बोलायला लागू शकतो. अल्टरनेटरचा बोल्ट बसवताना एक वॉशर चुकीच्या बाजूला गेला तरी तेवढा फरक पडतो.

या दोन आवाजांत फरक करायची जाणत्या फिटरची पद्धत फार सुंदर आहे. चालत्या पट्ट्याच्या आतल्या, खाचेत बसणाऱ्या बाजूवर तो लांबूनच पाण्याचा बारीक फवारा मारतो. आवाज काही क्षण थांबून पुन्हा आला तर पुल्या तिरक्या आहेत. आवाज वाढला तर पट्टा ढिला आहे. घोटभर पाण्यात निदान होतं, आणि त्यामागे वर सांगितलेलं सगळं भौतिकशास्त्र उभं असतं.

तिसरा प्रकार आवाजापेक्षा डोळ्यांना जास्त दिसतो. इंजिन एका ठराविक वेगावर आलं की दोन पुल्यांमधला पट्टा फडफडायला लागतो. वेग थोडा वाढवला की शांत, कमी केला तरी शांत. इथे पट्टा म्हणजे ताणलेली तारच. मीटरला शंभर ग्रॅम वजनाचा पट्टा, दोन पुल्यांमध्ये चाळीस सेंटिमीटरचा मोकळा भाग आणि सुमारे तीस किलोचा ताण धरला, तर तो सेकंदाला ६८ वेळा कंप पावतो. तीन सिलिंडरचं ट्रॅक्टर इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांवर सेकंदाला साडेसदतीस स्फोट करतं. प्रत्येक स्फोटाला क्रँक किंचित पुढे उसळतो आणि पट्ट्याला हिसका बसतो. दोन्ही आकडे दूर आहेत, म्हणून पट्टा स्थिर दिसतो. पण ताण चौथ्या हिश्श्यावर आला की पट्ट्याची कंपनं निम्मी होतात, सेकंदाला ३४. मग चौदाशे फेऱ्यांच्या आसपास इंजिनाचे हिसके आणि पट्ट्याची कंपनं नेमकी जुळतात. ढिला पट्टा असा स्वतः होऊन इंजिनाच्या तालात उतरतो.

त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे पट्टा आडवा हलवण्यासाठी त्याला आडवा धक्का द्यावाच लागतो असं नाही. नुसता ताण तालात कमी-जास्त केला तरी पुरतं, आणि ताणाचा ताल कंपनाच्या दुप्पट असला तर सगळ्यात जास्त. मेल्डे या जर्मन प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकात दोरा आणि नादकाटा घेऊन हे दाखवलं होतं. रामन यांनी ऐन तरुणपणी, सरकारी हिशेबखात्यात नोकरी करत असताना, याच प्रयोगाचा पुढचा विस्तार केला.

पट्ट्याचा ताण मोजायची आजची पद्धत याच गणितावर उभी आहे. पट्ट्याला टिचकी मारायची, छोटं यंत्र जवळ धरायचं आणि त्याचा सूर वाचायचा. सूर दुप्पट तर ताण चौपट. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था आहे. गाड्यांच्या आवाजाचा आणि कंपनांचा अभ्यास करणारी तिची स्वतंत्र प्रयोगशाळा आहे. नागपूरजवळ हिंगण्याला पट्टे तयार करणारा मोठा कारखाना आहे. बीडच्या रस्त्यावरच्या पट्ट्याच्या किंकाळीचं शास्त्र आणि असे पट्टे, दोन्ही आपल्याच राज्यात घडतात, हे मला मोठं समाधानाचं वाटतं.

रबरही बदललं आहे. जुने निओप्रीनचे पट्टे म्हातारे झाले की त्यांना भेगा पडायच्या, आणि भेगा दिसल्या की लोक पट्टा बदलायचे. आता बऱ्याच मोटारींत ईपीडीएम नावाच्या रबराचे, उभ्या रेघांचे पट्टे असतात. ते सहसा भेगाळत नाहीत, टायरसारखे गुपचूप झिजतात. वरून धडधाकट दिसणारा पट्टा आतून संपलेला असू शकतो. काळ्या मातीची धूळ, पाचटाची कुसळं आणि कारखान्याच्या रस्त्यावरची माती खाणाऱ्या पट्ट्याला तर झीज लवकरच गाठते.

ही झीज हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्या पट्ट्यावर अल्टरनेटर चालतो त्याच पट्ट्यावर पाण्याचा पंप आणि पंखाही चालतो. धारूरच्या घाटात दोन ट्रॉल्या भरून ऊस चढवताना इंजिनाला सगळ्यात जास्त थंडाव्याची गरज असते. पंप नेमका तेव्हाच कमी फिरला तर इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं आणि त्या हंगामाची कमाई गॅरेजात उतरते. उचल घेऊन निघालेल्या टोळीला ट्रॅक्टरचा एक दिवसाचा खाडाही परवडत नाही.

तेव्हा एवढं करा. सकाळी पाच सेकंद ओरडून गप्प होणारा पट्टा तपासून घ्या. गरम इंजिनावरही ओरडणारा पट्टा लगेच दाखवा. किंचाळणाऱ्या पट्ट्यावर साबण, ग्रीस, तेल किंवा राळ लावू नका. सपाट पट्ट्याला राळ चालायची. व्ही पट्ट्याला ती चालत नाही. तिने आवाज दबतो, दुखणं तसंच राहतं आणि रबर खराब होतं ते वेगळंच. इंजिन बंद करून, चावी काढून, मग मधल्या भागावर अंगठा दाबा. साधारण एक सेंटिमीटर दबला तर ठीक, नेमका आकडा तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असतो. वाजवीपेक्षा जास्तही आवळू नका, नाहीतर पट्टा गप्प होईल आणि पंपाचं बेअरिंग ओरडेल. आणि चालत्या पट्ट्याजवळ पदर, उपरणं, सैल बाही नेऊ नका. मळणी यंत्र असो, गिरणी असो की ट्रॅक्टर, ज्या घर्षणाच्या जोरावर पट्टा पुली ओढतो त्याच जोराने तो कापडही ओढतो, आणि हात मागे घ्यायला वेळ देत नाही.